बॅकअप आहे ना?

कागदोपत्री माझं पद काहीही असो, ऑफिसात मी 'बॅकअपवाला' आहे. तेही काही उडालं तरच. सर्व्हर सुरळीत चालतो तेव्हा मी 'तो कोपऱ्यात बसतो तो' असतो. फाईल दिसेनाशी झाली, की माझं नाव, आडनाव, मोबाईल नंबर सगळ्यांना तोंडपाठ होतं. मग "बॅकअप आहे ना?" असं विचारत लोक येतात, आणि विचारताना असे बघतात की फाईल मीच पळवली असावी.

अकाउंट्सच्या मॅडम आल्या.

"फाईल गेली."

"कुठली?"

"नेहमीची हो. ती नाही का, फायनल."

त्यांच्या फोल्डरात 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नक्की', 'फायनल साहेबांनी बघितलेली' आणि 'फायनल नक्की कॉपी कॉपी' अशी वंशावळ आहे. यातली कुठली गेली? "जी नाहीये ती." कधी गेली? "आत्ताच." आत्ताच म्हणजे? "आत्ता उघडायला गेले तर नाही." शेवटची कधी उघडली होती? इथे मॅडम छताकडे बघू लागल्या आणि हळूहळू मागच्या तिमाहीपर्यंत गेल्या.

हे सगळं मी हौसेने विचारत नाही. प्रत्येक दिवसाची प्रत कायमची ठेवायला जागा कुणाकडेच नसते. म्हणून रोजच्या प्रती आठवडाभर, आठवड्याच्या महिनाभर आणि महिन्याच्या वर्षभर अशी वाटणी करतात. या धंद्यात त्यांना मुलगा, बाप आणि आजोबा म्हणतात, आणि घरातल्यासारखंच इथेही चालतं. मुलाला कालचं आठवतं, आजोबांना फार जुनं, मधलं विचारावं तर बापाची आठवण महिन्यात पुसलेली. महिन्याची प्रत एक तारखेला निघते. मॅडमची फाईल एक तारखेनंतर जन्मली आणि पुढच्या एक तारखेआधी उडाली. कुठल्याच आजोबांनी तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

"मग तुमच्या बॅकअपचा उपयोग काय?" मॅडम म्हणाल्या. हा प्रश्न साहेबांकडे न्यायला हवा होता. काय किती दिवस जपायचं हे धंद्याने ठरवायचं असतं, कोपऱ्यातल्या माणसाने नाही. म्हणून नेला.

"साहेब, उद्या सर्व्हर बसला तर किती तासांचं काम गेलेलं चालेल?"

"अजिबात नाही."

"सगळं परत उभं राहायला किती वेळ लागलेला चालेल?"

"लगेच झालं पाहिजे."

"आणि खर्च?"

"अजिबात नाही."

पहिल्या दोन प्रश्नांना आरपीओ आणि आरटीओ अशी भारदस्त नावं आहेत. बॅकअप रात्री एकदा घ्यायचा की दर पंधरा मिनिटांनी, दुसरा सर्व्हर तयार ठेवायचा की नाही, हे त्यांच्या उत्तरांवर ठरतं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ठरतं ते तिसऱ्या उत्तरावर.

तरी मी ३-२-१ चा नियम सांगून पाहिला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. "आहे की आपलं तसं!" म्हणत साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एक प्रत डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये, दुसरी डी ड्राइव्हमध्ये, तिसरी डी ड्राइव्हमधल्याच 'बॅकअप' नावाच्या फोल्डरात. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत, डिस्क गेली की दोन्ही जातात, हे सांगितल्यावर साहेब लॅपटॉपकडे बघत राहिले. घरातल्याच माणसाने फसवल्यावर बघावं तसे.

मग ते सावरले. "पण सगळं क्लाउडवर पण सिंक होतं ना?" होतं. सिंक हा फार आज्ञाधारक प्रकार आहे. तुम्ही इथे फाईल उडवली, की तो ती तिथूनही तत्परतेने उडवतो. कचरापेटीत पडून राहते ती मुदतीपुरती. सर्व्हरमधल्या जोडडिस्कचंही तेच. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालू ठेवते, पण चूक दोघींवर एकाच क्षणी उमटते. आणि क्लाउड झाला तरी शेवटी कुणाची तरी इमारतच असते. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून गेलं, तेव्हा काही ग्राहकांना कळलं की आपला बॅकअपही तिथेच होता.

साहेबांना गोष्टी आवडतात. म्हणून मर्स्कची सांगितली. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस या अवाढव्य जहाज कंपनीत शिरला. कंपनीच्या नेटवर्कमध्ये कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही हे ठरवणारे त्यांचे सर्व्हर जगभर पसरलेले होते, आणि ते एकमेकांच्या प्रती बाळगून होते. एक पुसला गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. व्हायरसने सगळेच पुसले. वाचला फक्त घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती. त्यातला डेटा नेटवरून पाठवायला फार वेळ लागला असता, म्हणून तो डिस्कवर घेऊन विमानाने इंग्लंडला नेला. पुढे ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने बसवावे लागले.

साहेबांनी विचार केला. "म्हणजे अधूनमधून मेन स्विच बंद ठेवायचा?"

हसण्यासारखं आहे, पण साहेब त्या दिवशी सत्याच्या सर्वांत जवळ आले होते. खंडणीवाले व्हायरस हल्ली आधी बॅकअपच शोधतात आणि मग फायलींना कुलूप लावतात. सर्व्हरला कायम खोचून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क त्यांना सर्वांत आधी सापडते. एक तरी प्रत तारेपासून तोडलेली हवी, किंवा ठरलेल्या मुदतीत खुद्द ॲडमिनलाही पुसता येणार नाही अशी हवी. दुसरा उपाय मला आवडतो. त्यात माझ्यावरही विश्वास ठेवावा लागत नाही.

आमच्या सिस्टिमकडून रोज पहाटे मेल येते: बॅकअप यशस्वी. हिरव्या अक्षरांत. ती कुणीही उघडत नाही. ती ज्यांना जाते त्यांतले निम्मे नोकरी सोडून गेलेत. म्हणून मला गिटलॅबची, म्हणजे लोकांचे प्रोग्रॅम ऑनलाइन सांभाळणाऱ्या कंपनीची, हकीकत वारंवार आठवते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या दमलेल्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसायला घेतला. चूक लगेच ध्यानात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले होते. मग बॅकअप उघडायला गेले तर जागा रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा निघाला, रोज मुकाट्याने नापास होणारा. नापास झाल्याच्या मेल तो पाठवत होता, पण त्यांवर रीतसर डिजिटल सही नसल्याने त्या दारातूनच परत जात होत्या. शेवटी कुणीतरी चाचणीसाठी सहा तासांपूर्वी घेतलेली प्रत कामी आली. कौतुक याचं, की त्यांनी हे सगळं जगजाहीर केलं आणि दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. आमच्याकडे प्रिंटरचा कागद संपला तरी तो गुप्त ठेवतात.

तेव्हापासून मी रिस्टोअरची चाचणी मागत होतो. नव्या मशीनवर सगळं परत उभं करून बघायचं, एवढंच.

"का, काही बिघडलंय?"

"नाही."

"मग कशाला?"

शेवटी एक रविवार मिळाला. नवं मशीन जोडलं, बॅकअपला हात लावला, आणि त्याने पासवर्ड विचारला. रोज जुन्या सर्व्हरवरून एकेक फाईल काढताना तो कधी विचारत नाही, कारण सर्व्हरला तो माहीत असतो. माणसांपैकी फक्त माझ्या आधीच्या गृहस्थांना माहीत होता. त्यांना फोन लावला.

"अहो, लिहून ठेवलाय की! माझ्या लॅपटॉपवर, 'महत्त्वाचे' फोल्डरात."

"तो तुम्ही गेल्यावर बॅकअप घेऊन फॉरमॅट केला."

"मग बॅकअपमध्ये बघा."

आणि खरंच होता. जुन्या सर्व्हरवरून ती फाईल मुकाट उघडली. म्हणजे सर्व्हर जिवंत असेपर्यंत पासवर्ड मिळतो, आणि सर्व्हर जिवंत असेपर्यंत तो लागत नाही. चाचणी पार पडली. 'उरलेला वेळ ४ मिनिटं' असं दुपारभर दाखवत का होईना, सगळं उभं राहिलं. सोमवारी मी पासवर्ड कागदावर लिहिला, लिफाफ्यात घालून चिकटवला आणि साहेबांना म्हटलं, "हा तिजोरीत ठेवा. कुणाला दाखवायचा नाही."

साहेबांनी लिफाफा उलटसुलट करून बघितला. "एकच प्रत? अन् तीही याच ऑफिसात?" त्यांच्या चेहऱ्यावर ज्ञान पसरताना मला दिसत होतं, पण मी जागेवर पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. मोबाईल वाजला. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांनी फोटो टाकला होता: लिफाफा फोडलेला, कागद नीट सपाट केलेला, खाली मजकूर, "अत्यंत गोपनीय. सर्वांनी आपापल्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवावे."