सात सीटरच्या आधी मागची सीट तपासा

बाळ येणार म्हणून थेट सात सीटर घ्या, हा एका लेखातला सल्ला मला पटला नाही. मारुतीच्या सात सीटर अर्टिगाची तिसरी रांग उभी असली की डिकी जेमतेम २०९ लिटर उरते. मग बाबागाडी ठेवायची कुठे?

त्यापेक्षा बाळाची सीट सोबत घेऊनच शोरूमला जा. मागच्या सीटच्या फटीत बाळाची सीट अडकवायच्या कड्या (आयसोफिक्स) असतात, तिथे ती उलट्या तोंडाने, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवा आणि मग घरातल्या सगळ्यात उंच माणसाला पुढे बसायला सांगा, जागा पुरते का बघा. बऱ्याच छोट्या गाड्या इथेच बाद होतात. आणि कृपा करून ही सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच लावू नका. 'आईच्या मांडीवरच बरं' असं घरचे म्हणतील, पण धडकेत कुणाच्याही हातून बाळ निसटतं. तिथे माघार घेऊ नका.

गाड्यांची धडक-चाचणी घेऊन सुरक्षेचे गुण देणाऱ्या भारत एनकॅपचे मुलांसाठीचे गुण वेगळे असतात, ४९ पैकी. तेही बघा.

सीएनजी हवी असेल तर टाटाच्या पंच किंवा नेक्सॉनसारखी दोन छोट्या गॅस-टाक्यांची घ्या, सामानाला जागा राहते. शिवाय सिझेरियन झालं तर फार बुटक्या गाडीत चढ-उतार करताना टाके ओढले जाऊ शकतात, म्हणून गाडीची उंची बाळाच्या आईला विचारूनच ठरवा.