लोणी, शेजार आणि ब्रिजिट क्लिअरी : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आयर्लंडमधील शकुन-अपशकुनांवरच्या माझ्या लेखावर आपला आक्षेप असा आहे की, एकट्या दिसलेल्या मॅगपाय पक्ष्याला नमस्कार करणे किंवा हॉथॉर्न या काटेरी झाडाची फुललेली फांदी घरात न आणणे अशा समजुती मी कौतुकाने सांगितल्या, परंतु त्यांच्यापायी माणसांना काय सोसावे लागले याविषयी चकार शब्द काढला नाही. आणि आपल्या मते हे अंधश्रद्धेचे उदात्तीकरण आहे. यातील पहिला भाग मला पूर्णपणे मान्य आहे.

ब्रिजिट क्लिअरीचे नाव त्या लेखात यायलाच हवे होते. टिपररी परगण्यातील बॅलिव्हॅडली येथे राहणारी, शिवणकाम करून आणि अंडी विकून स्वतःचे चार पैसे मिळवणारी ही 26 वर्षांची स्त्री मार्च 1895 मध्ये आजारी पडली, तेव्हा पऱ्यांनी खरी ब्रिजिट पळवून तिच्या जागी दुसरीच कोणी आणून ठेवली आहे, असे तिच्या नवऱ्याने मनाशी घेतले. नातेवाइकांनी तिला धरून ठेवले, दुधात उकळलेला झाडपाला बळजबरीने पाजला, चुलीच्या विस्तवावर धरले, आणि अखेर नवऱ्याने तिला जाळले. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली. हे मला ठाऊक होते. रोजच्या समजुतींपुरतेच लिहायचे असे ठरवून मी ते बाजूला ठेवले, आणि तिथेच माझे चुकले. कारण पऱ्यांचा राग ओढवू नये म्हणून त्यांना 'भले लोक' म्हणण्याची साधी सवय आणि त्या घरातला तो विस्तव एकाच भीतीतून आलेले आहेत.

उदात्तीकरणाचा आरोप मात्र मला पटत नाही, आणि त्याचे कारण लोण्याच्या समजुतींत आहे. 1 मे रोजी घरातून विस्तव, पाणी किंवा दूध कोणालाही द्यायचे नाही, दिले तर त्यासोबत वर्षभराचे लोणी निघून जाते, अशी तिथल्या शेतकऱ्यांची धास्ती असे. मलई फार गार किंवा फार गरम असली की कितीही घुसळले तरी लोणी धरत नाही, हे आज आपण सहज सांगतो. पण ज्या घरात जमीनदाराचा खंड लोण्याच्या विक्रीतून भागवायचा, तिथे हातात काहीच न लागणे म्हणजे संकट होते आणि त्याचे कारण डोळ्यांना दिसत नव्हते. मग संशय शेजारणीवर जाई. सशाचे रूप घेऊन दुसऱ्याच्या गाईचे दूध पिणाऱ्या म्हातारीच्या कथा तिथे जागोजागी सांगितल्या जात, आणि आपल्या गवतात कोणी लपवलेली अंडी सापडली तर ती 'पिशोग' म्हणजे करणीच समजली जाई. मला विशेष महत्त्वाचा वाटतो तो याच संशयातून निघालेला दुसरा नियम : घुसळण चालू असताना दारात आलेल्या प्रत्येकाने देवाचे नाव घेऊन दांड्याला हात लावायचा, थोडे घुसळायचे, आणि आपल्या मनात वाईट नाही हे असे दाखवून द्यायचे. त्या भीतीने शेजारणीला चेटकीण ठरवले, तसेच पाहुण्याला कामातही ओढले. यातली एकच बाजू सांगणे खोटेपणाचे ठरेल.

लिहून ठेवणे म्हणजे मानणे नव्हे, हेही नम्रपणे सांगतो. 1937 ते 1939 या काळात आयर्लंडमधील सुमारे 5,000 शाळांतील मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून अशा असंख्य समजुती वह्यांत उतरवल्या. लोक कशाला भीत होते आणि कोणावर संशय घेत होते, हे त्या वह्यांमुळेच आज आपल्याला त्यांच्या शब्दांत वाचता येते.

मूळ लेखात मी आजच दुरुस्ती करत आहे. ब्रिजिटची हकीकत त्यात मॅगपायच्या आधी येईल.