वरची दाढ, डोळा आणि एक फॉरवर्ड

हा मेसेज पेशंटांनी मला इतक्या वेळा दाखवलाय की आता पाठ झालाय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच:

‘अक्कलदाढ कधीही काढू नका! १) तिची नस थेट डोळ्याला जोडलेली असते, दाढ काढली की नजर जाते. आपल्या ऋषीमुनींनीही हेच सांगितले आहे. २) ही दाढ अक्कल येते तेव्हाच उगवते, काढल्यास स्मरणशक्ती कमी होते. ३) ऑपरेशनने ओठ कायमचा वाकडा होतो. ४) लवंग तेल लावून काटेरिंगणीच्या बियांची धुरी घेतल्यास कीड पडते व दाढ आयुष्यात पुन्हा दुखत नाही. ५) इंग्लंडमध्ये हे ऑपरेशन बंद झाले आहे, आपल्याकडे मात्र डॉक्टर पैशासाठी करतात. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.’

मध्यंतरी तो एका मावशींनी दाखवला. सोबत बावीस वर्षांचा मुलगा, उजवं गालफड सुजलेलं, तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडत होतं. चार दिवस मुलगा पेजेवर होता आणि मावशी या मेसेजवर. मोबाईल हातभर लांब धरून त्यांनी मला तो अख्खा वाचून दाखवला. मुलाला लगेच करायचं ते केलं, औषधं दिली. पण मेसेजला उत्तर द्यायला तिथं वेळ पुरला नाही, म्हणून हे.

डोळ्यापासूनच सुरुवात करतो, कारण खरी भीती तीच आहे. बाकीचे मुद्दे तिच्या पाठीवर बसून येतात. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. बघण्याचं काम दुसऱ्या जोडीचं. दात दुखतोय हे मेंदूला कळवण्याचं काम पाचव्या जोडीचं. या पाचवीला तीन फांद्या फुटतात: एक डोळा आणि कपाळाकडे, दुसरी वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या. मेसेज लिहिणाऱ्याने कुठंतरी ही आकृती पाहिली असावी आणि तिन्ही फांद्या एकाच बुंध्याला दिसल्यावर निकाल देऊन टाकला असावा. पण डोळ्याकडे जाणारी ती फांदी स्पर्श आणि वेदना सांगते. डोळ्यात कुसळ गेलं हे तिच्यामुळे कळतं. समोर कोण उभं आहे हे तिला कळत नाही. शिवाय दाढ काढताना फांदी तुटत नाही, तुटतो तो मुळाच्या टोकातून आत गेलेला केसासारखा धागा. रूट कॅनॉल करताना हाच धागा आम्ही मुद्दाम खरवडून काढतो. वरच्या दाढेचं रूट कॅनॉल करून घेतलेली कितीतरी माणसं हा मेसेज पुढं पाठवतात आणि तो त्यांना चष्म्याशिवाय वाचताही येतो.

आता ऋषीमुनी. मेसेजचा हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो चक्क खरा आहे. निम्मा. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात असं सांगितलंय की घट्ट बसलेला वरचा दात मुळासकट उपटला तर अतिरक्तस्रावामुळे घोर रोग होतात, माणूस काणा होतो, त्याला अर्दित म्हणजे तोंडाचा लकवा होतो. म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये. म्हणजे आपल्या आज्यांनी ही भीती मनाने काढलेली नाही, तिला ग्रंथाचा आधार आहे. पण त्या ओळी नीट वाचा. तिथं दोष डोळ्याला जोडलेल्या नसेला दिलेला नाही, रक्तस्रावाला दिलाय. आणि सांगितलंय ते वरच्या दाताबद्दल. मावशींच्या मुलाची दाढ खालची होती.

त्या काळच्या वैद्याने वरचा दात उपटल्यावर डोळा गेलेला माणूस पाहिला असेल, हे मला अजिबात अशक्य वाटत नाही. वरच्या जबड्यातल्या दातांना पू झाला तर जंतू शिरांमधून उलटे डोळ्यामागच्या पोकळीपर्यंत चढू शकतात. आजही हे क्वचित घडतं आणि घडलं की डोळाच काय, जीवही धोक्यात येतो. पण तिथवर पोचवतो तो पू. जंतुनाशक नाही, प्रतिजैविक नाही, अशा काळात दात काढल्यानंतर काय झालं एवढंच दिसायचं. दात काढण्याआधी आत काय चाललं होतं ते दिसायचं नाही.

गंमत पुढंच आहे. त्याच सुश्रुताने मुखरोगांत ‘अधिमांसक’ नावाचा आजार सांगितलाय: जबड्याच्या शेवटच्या दाताशी मोठी सूज, भयंकर ठणका, तोंडातून लाळ. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवर हिरडीची झापड राहते, तिच्याखाली अन्न अडकून जे होतं त्याचं वर्णन मी याहून नेमकं करू शकणार नाही. उपाय काय दिलाय? ते वाढलेलं मांस कापून टाका. आणि तीव्र वेदना देत उगवणारा जो जादा दात, त्याला सांगितलंय की तो उपटा आणि जागा डागा. ऋषींचं एक वाक्य उचलायचं आणि शेजारची दोन सोडायची, ही युक्ती आजची नाही म्हणा.

मग ‘आमच्या काकांनी दाढ पाडली आणि सहा महिन्यांत नजर गेली’ ही उदाहरणं कुठून येतात? काका खोटं बोलत नाहीत. आपल्याकडे माणूस दात काढायला येतो तो बहुधा पंचेचाळिशीत, हलायला लागल्यावर. जवळचं धूसर दिसायला लागतं तेही त्याच वयात. मराठीत त्या चष्म्याचं नावच ‘चाळिशी’ आहे. दुसरं कारण जास्त गंभीर. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्या सुटतात, दात हलतात, आणि तोच मधुमेह डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडवतो. दात आधी पडतो, नजर नंतर जाते, दोघांचा चोर एकच. असं कुणी दात हलतोय म्हणून आलं तर मी आधी साखर तपासायला पाठवतो.

एक गोष्ट लपवत नाही. भुलीचं इंजेक्शन चुकून भलत्या रक्तवाहिनीत गेलं किंवा औषध डोळ्याच्या खोबणीकडे पसरलं तर थोडा वेळ एकाचे दोन दिसणं, अंधुक दिसणं असं होऊ शकतं. हे फार विरळ आहे आणि बहुतेकांचं भूल उतरली की काही तासांत पूर्ववत होतं. सुई टोचल्यावर दाब देण्याआधी आम्ही दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतंय का बघतो, ते त्यासाठीच.

स्मरणशक्तीच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करत नाही. ही दाढ साधारण १७ ते २५ या वयात येते, म्हणून अरबीत, फारसीत, लॅटिनमध्ये सगळीकडे तिला शहाणपणाचं नाव मिळालं; आपली ‘अक्कल’ तर मूळची अरबीच. जगात साधारण पाचातल्या एका माणसाला किमान एक अक्कलदाढ जन्मतःच नसते. त्यांच्या अकलेबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

ओठाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ओठ वाकडा होत नाही. तोंडाचे स्नायू हलवते ती सातवी नस, ती या ऑपरेशनच्या वाटेत नसते. पण ओठ बधिर होऊ शकतो. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नळी जाते, तिच्यातली नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. काही जणांच्या अक्कलदाढेची मुळं त्या नळीला टेकलेली असतात. जिभेला जाणारी नसही हाडाच्या आतल्या अंगाने जवळूनच जाते. शंभरात थोड्या लोकांना काही आठवडे किंवा महिने ओठ, हनुवटी किंवा जीभ सुन्न वाटते. कायमचं तसंच राहण्याचं प्रमाण साधारणपणे एक टक्क्याच्या आत असतं. हा आकडा लहान आहे, पण ज्याच्या वाट्याला येतो त्याचा चहा हनुवटीवरून ओघळतो आणि त्याला कळत नाही. म्हणून आधी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे. त्यात मूळ आणि नळी एकमेकांवर दिसली तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. फार जवळ असेल तर दाढेचा वरचा भाग कापून काढायचा आणि मुळं तशीच हाडात राहू द्यायची, असाही मार्ग आहे. हा धोका तुमच्या डॉक्टरने सुईच्या आधी सांगायला हवा. सही घेताना नाही, त्याच्याही आधी.

आता लवंग आणि धुरी. लवंगेतल्या युजेनॉलने दुखणं खरंच दबतं, आम्ही स्वतः तात्पुरत्या सिमेंटमध्ये ते वापरतो. पण हाडात आडवी झोपलेली दाढ लवंग लावून उभी राहत नाही, आणि नुसतं तेल बोळ्याने तासन्‌तास धरलं तर हिरडी भाजते. दाढेत मशेरी किंवा तंबाखूची गोळी धरणाऱ्यांचं तर विचारूच नका. दुखणं थांबलं तरी सवय थांबत नाही. काटेरिंगणीच्या धुरीतून पाण्यात ‘पडणारी कीड’ मी लहानपणी जत्रेत पाहिलीय, पांढरी, वाकडी, अगदी अळीसारखी. युरोपातही याच कुळातल्या एका वनस्पतीच्या बिया जाळून हाच खेळ चालायचा. बी तापून फुटतं आणि आतला वाकडा अंकुर बाहेर पडतो, ती ‘अळी’. दाताची कीड म्हणजे अळी नव्हे, हे पिअरे फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं. जत्रेत बातमी अजून पोचायचीय.

धुरीने नुकसान धुराचं होत नाही, दिवसांचं होतं. खालच्या अक्कलदाढेची मुळं जिभेखालच्या स्नायूच्या पडद्याच्याही खाली उतरलेली असतात. त्यामुळे तिथला पू तोंडात फुटण्याऐवजी जबड्याखाली, गळ्यात उतरतो. जीभ वर उचलली जाते, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. १८३६ साली जर्मनीतल्या फॉन लुडविग या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, अजून त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. प्रतिजैविकं येण्याआधी यात निम्म्याहून जास्त रुग्ण जायचे. म्हणून ताप, गिळायला त्रास, जबड्याखाली लाकडासारखी कडक सूज यांतलं काहीही दिसलं तर दाताच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका, रात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठा.

राहिलं इंग्लंड. तिथं ऑपरेशन बंद झालेलं नाही. २००० साली तिथल्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने सूचना काढली की रोग नसलेली अडकलेली अक्कलदाढ निव्वळ ‘पुढं त्रास देईल’ म्हणून काढू नये. न भरता येण्यासारखी कीड, पू, गाठ अशी कारणं असतील तर काढावी. हिरडी सुजण्याची पहिली खेप, फार तीव्र नसेल तर, पुरेसं कारण मानू नये. दुसऱ्यांदा झालं तर मानावं. ही सूचना मला बरीचशी पटते. तिचा पुढचा इतिहासही सांगायला हवा: ऑपरेशनं आधी कमी झाली, मग पुन्हा वाढली, आणि आता येणारे पेशंट वयाने मोठे होते. आडव्या दाढेने शेजारच्या चांगल्या दाढेच्या मागच्या अंगाला कीड लागलेली, हे कारण त्यांत जास्त दिसायला लागलं. बाविशीत हाड मऊ असतं, जखम लवकर भरते. पंचेचाळिशीत तेच काम अवघड होतं. म्हणून ठेवलेल्या दाढेवर नजर ठेवावी लागते, अधूनमधून एक्स-रे काढून.

पैशाचा आरोप सरसकट खोटा आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. ‘अक्कलदाढ पुढं ढकलते आणि समोरचे दात वाकडे होतात, चारही काढून टाका’ असं सांगणारे आमच्यात आहेत, आणि त्याला चांगला पुरावा नाही. तुम्हाला असं कुणी सांगितलं तर एक्स-रे समोर धरून विचारा: आत्ता काय आजार आहे? बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

मावशींच्या मुलाच्या एक्स-रेवर बोट ठेवायला अडचण नव्हती. खालची उजवी दाढ पुढच्या दाढेत डोकं खुपसून तिरकी, वर हिरडीची झापड, आणि ही वर्षातली तिसरी खेप. सूज उतरल्यावर दहाव्या दिवशी भूल देऊन हिरडी उघडली, थोडं हाड बाजूला केलं, दाढेचे दोन तुकडे करून काढले, तीन टाके. मग दोघांना सूचना दिल्या: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढेल, घाबरू नका. आजचा दिवस थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका, जखमेतली रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडलं तर ठणका या दुखण्याचा बाप असतो. सिगारेट ओढत असलास तर आत्ता आईसमोर सांग. त्याने सांगितलं नाही, पण मान खाली घातली.

मावशींचं लक्ष दुसरीकडेच होतं. “डॉक्टर, वरची नाही ना काढली?”

“नाही मावशी. वरची सरळ आहे, साफ आहे, कुणाला चावत नाही. आहे तिथं राहू दे.”

“बघ,” त्या मुलाला म्हणाल्या, “मेसेजमध्ये तेच लिहिलं होतं.”