खुलासा: नदी कुठे सरकेल, हे संगणक तारखेनिशी सांगत नाही

‘नागमोडी नदी पन्नास वर्षांनी नेमकी कोणाच्या शेतातून वाहील, हे संगणक आजच सांगतो’ असा मजकूर एका ॲनिमेशनसोबत फिरतो आहे. दावा चुकीचा आहे. त्यावर विसंबून कुणी जमिनीचा व्यवहार करू नये, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

नदी कशी सरकेल याचा संगणकावर हिशेब मांडणाऱ्या बहुतेक गणिती नमुन्यांचा, म्हणजे प्रारूपांचा, पाया इकेदा, पार्कर आणि सावाई या संशोधकांनी १९८१ मध्ये घातला. काठाशी पाणी सरासरीपेक्षा जितकं जोरात, तितका काठ जास्त खचतो, हे त्यांचं सूत्र. पण कुठली माती किती खचेल हा आकडा सूत्रातून निघत नाही. जुने नकाशे आणि उपग्रहचित्रं ताडून तो बसवावा लागतो. मध्येच चिवट चिकणमातीचा थर लागला, की हिशेब बदलला.

शिवाय नदी कधी वळणाची मानच तोडते, म्हणजे वळणाच्या दोन टोकांमधली अरुंद जमीन कापून सरळ वाट धरते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात व्हिक्सबर्ग शहरासमोर उत्तरेच्या सैन्याने १८६२-६३ मध्ये मिसिसिपी नदी वळवायला कालवा खणला, नदी बधली नाही. २६ एप्रिल १८७६ रोजी तिने तिथलं वळण आपणहून कापलं आणि शहराचं बंदर मुख्य प्रवाहापासून तुटलं. अशी जागा कुठे असू शकते, याचा अंदाज प्रारूप देतं, तोही एका रेघेचा नव्हे, रुंद पट्ट्याचा. दिवस सांगत नाही.