दाढेचं सोंग

‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही’ ही म्हण मी दातांच्या दवाखान्यात हिशेब लिहिता लिहिता इतक्या उधारीवाल्यांना ऐकवली आहे, की माझ्यावरच सोंग आणायची पाळी आली तेव्हा कुणालाही माझी कणव आली नाही.

सोंग दाढेचं होतं. शाळेत दातांच्या आरोग्यावर आमच्या डॉक्टर मॅडम बोलणार होत्या आणि मुलांनी ते ऐकून घ्यावं म्हणून शेजारी एक हसरी दाढ उभी राहणार होती. दरवेळी दाढ होणारा आमचा असिस्टंट आदल्या दिवशीच तापाने आडवा झाला. पोशाख एकाच मापाचा. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे. “काका, तुम्हालाच बसेल,” रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. माझी उंची पाच फूट तीन इंच. तिच्यापायी मी आयुष्यात कुठे कुठे नापास झालो ते जाऊ द्या. दाढ म्हणून मात्र पहिल्या फटक्यात निवड झाली.

नाही म्हणायला माझ्याकडे भक्कम कारण होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं, कारण ते तोंडातच होतं. माझी उजवीकडची खालची दाढ दीड वर्षापासून किडली आहे. ‘मॅडम कामात असतात’ असं मी बायकोला सांगत होतो आणि मॅडमना काहीच सांगत नव्हतो. रोज आठ तास त्या खुर्चीपासून दहा पावलांवर बसून लोकांचे आवाज ऐकल्यावर माणूस शूर होत नाही, एवढंच सांगतो.

रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर पूर्वसुरींचा शोध घेतला. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकचा वाल्डी नावाचा डॅशहुंड कुत्रा हा ऑलिंपिकचा पहिला अधिकृत शुभंकर. 1980ला मॉस्कोचं अस्वल, मीशा. 1982च्या दिल्ली एशियाडचा अप्पू हत्ती तर मला स्वतःला आठवतो. कुत्रा, अस्वल, हत्ती, सगळे कसे भरल्या अंगाचे प्राणी. नुसता अवयव झालेला कुणी सापडेना. “अहो, अख्खा जबडा नाही ना व्हायचंय? झोपा मग,” बायको म्हणाली.

पोशाख जाड फोमचा, वरून पांढरी लव. दोन पाय म्हणजे दाढेची दोन मुळं. डोळे माझ्या कपाळाच्या वीतभर वर रंगवलेले आणि मला दिसायचं ते दाढेच्या हसऱ्या तोंडातल्या काळ्या जाळीतून. त्यामुळे जो कुणी माझ्या डोळ्यांत डोळे घालून बोले, तो माझ्या डोक्यावरून बोले. आत आधीच्या सगळ्या कार्यक्रमांचा घाम आणि त्यावर मारलेला गुलाबाचा स्प्रे. असिस्टंटने फोनवर कण्हत नियम सांगितले : बोलायचं नाही, मुलांसमोर मुंडकं काढायचं नाही, एकट्याने हिंडायचं नाही आणि वीस मिनिटांच्या वर आत राहायचं नाही. शेवटच्या नियमाचं कारण मला पाचव्या मिनिटाला कळलं. घाम वाळतो म्हणून अंग गार होतं. फोमच्या आतली हवा इतकी दमट होते की घाम वाळत नाही, नुसता वाहतो.

तिसरीच्या वर्गाच्या दारात मी अडकलो. सरळ जाईना, आडवा जाईना. शेवटी मागून दहा-बारा चिमुकल्या हातांनी ढकललं आणि दाढ उगवते तसा मी हळूहळू वर्गात उगवलो. टाळ्या पडल्या. मुलं जाळीच्या खाली असल्याने मला एकही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होती.

मॅडमनी भाषण छान केलं. दुधाचे दात वीस, पक्के बत्तीस. पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, आणि कुठलाही दात न पडता मागे गुपचूप येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते नि दुर्लक्ष होतं. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण एकदा कीड लागून खड्डा पडला की शरीराला तो परत भरता येत नाही. हे ऐकलं आणि माझी दाढ ठणकली. दाढेच्या आत मी, माझ्या आत दाढ, आणि दोघांपैकी एकीलाच हसू येत होतं.

“वरच्या दाढेला बहुधा तीन मुळं असतात, खालचीला दोन,” मॅडम म्हणाल्या.

“मग ही खालची आहे,” माझ्या पोटाजवळून एक आवाज आला. “हिला दोनच पाय आहेत.”

“शाब्बास! आणि हिला कीड लागली आहे का?”

माझ्याकडून नकार अपेक्षित होता. पोशाखाला मान नव्हती. मी कमरेपासून डावीकडे-उजवीकडे डुललो. इतकं सबंध अंगानिशी खोटं मी आजवर बोललो नव्हतो.

मग प्रात्यक्षिक. हातभर लांबीचा ब्रश घेऊन मुलांनी दाढ घासायची, दोन मिनिटं. पहिल्या तिघांनी गुदगुल्या केल्या. चौथ्याने ब्रश दोन्ही हातांत धरला आणि बॅटसारखा फिरवला. फोम जाड असतो, पण गालापाशी, जिथे गोड खळी काढलेली असते, तिथे तो पातळ असतो. फटका बरोबर उजवीकडे खाली बसला.

“आई गं!” दाढ ओरडली.

वर्ग चिडीचूप. मग कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “दाढ दुखतेय.”

मॅडम जवळ आल्या. जाळीला डोळा लावून त्यांनी आत पाहिलं. मी गाल धरायला हात उचलला होता, तो बाहेरून दाढेनेच गाल धरल्यासारखा दिसत असणार. “काका,” त्या कुजबुजल्या, “आ करा बघू.” पस्तीस मुलांसमोर मी दाढेच्या तोंडात माझं तोंड उघडलं. त्यांनी मोबाइलचा टॉर्च मारला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

“किती दिवस?”

मी हाताची बोटं दाखवायला गेलो. हातमोज्याला चारच बोटं होती आणि मला महिने दाखवायचे होते.

परतताना व्हरांड्यात कुणीतरी माझा मोजा धरला. जाळीतून फक्त नीट पाडलेला भांग दिसला. “घाबरू नको हं,” तो म्हणाला, “माझी पण भरलीय. नुसता झुईं आवाज येतो. मग तोंड जड होतं आणि पाणी पिताना सांडतं, पण तेव्हा कोणी रागवत नाही.”

मी कमरेतून वाकून हो म्हटलं. न बोलायचा नियम एव्हाना मला जमायला लागला होता.