चुंबकाला स्क्रूची प्रत कळत नाही

काल काकांकडे गेलो तर ते वर्तमानपत्र पसरून बसले होते. हातात दोऱ्याला बांधलेला एक चुंबक, समोर स्टेनलेस स्टीलच्या बारक्या स्क्रूंचे दोन ढीग. चुंबक जरा हलला की स्क्रू ‘नकली’च्या ढिगात, नाही हलला की ‘अस्सल’च्या. अस्सल ठरलेले स्क्रू त्यांच्या शिडाच्या होडीच्या बिजागऱ्यांना लागणार होते. फेकायच्या ढिगात बरेचसे ए४ जातीच्या स्टेनलेसचे होते, म्हणजे होडीवर लावायचे तेच. आणि जपून ठेवलेले सगळे ए१ चे.

हा प्रताप एका फॉरवर्डचा. मला तो चार ठिकाणांहून आला होता, मी सोडून दिला; काकांपर्यंत पोचला म्हणून आता लिहितोय. त्यात म्हटलंय: चुंबकाला चिकटत नाही तो अस्सल. पाकिटावर ए१ बघून घ्या, ती एक नंबरची प्रत. अस्सल स्टेनलेस कधीच गंजत नाही. डाग पडलाच तर तारेच्या घासणीने घासा. स्क्रू बसवून डोक्यावर सिलिकॉन थापा, हवा लागली नाही की गंज नाही. ॲल्युमिनियममध्ये बिनधास्त पिळा.

आधी त्या ए१ बद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करणार आहे. आपण चांगल्या मालाला ‘ए-वन’ म्हणतो म्हणून कुणीतरी ठोकून दिलंय. स्टेनलेसचे बोल्ट, स्क्रू, नट यांच्यासाठी आयएसओ ३५०६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ए१, ए२, ए४ ही नावं त्यातली. हे परीक्षेतले नंबर नाहीत, पोलादात काय काय मिसळलंय त्याचे गट आहेत. ए१ मध्ये गंधक मुद्दाम घातलेलं असतं, ०.१५ टक्के किंवा त्याहून जास्त. त्यामुळे लेथवर धातूचा कीस सुटसुटीत तुटतो आणि बारीक स्क्रू भराभर कातता येतात. पण तेच गंधक मँगनीजबरोबर मिळून धातूत बारीक कण तयार करतं आणि खाऱ्या पाण्यात खड्डे पडायला तिथूनच सुरुवात होते. ए१ ची गंजरोधकता कमी असते, हे मानकातच लिहिलंय. ए२ म्हणजे साधारण ३०४ नंबरचं स्टेनलेस: सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. तो समुद्राच्या पाण्याला योग्य नाही, हेही त्यातच आहे. ए४ म्हणजे ३१६ च्या घरातला, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडपुढे जो काही टिकाव लागतो तो त्या मॉलिब्डेनममुळे.

आता चुंबक. ३०४ आणि ३१६ मुळात चुंबकाला ओढत नाहीत, इथपर्यंत खरं. पण स्क्रू तयार करताना तार थंडच ठोकून डोकं काढतात, दाब देऊन आटे पाडतात. त्या माराने धातूची आतली रचना थोडी बदलते आणि तो किंचित चुंबकीय होतो. ३०४ जास्त, ३१६ कमी. थंड घडणीनंतर असं होऊ शकतं, हेही त्याच मानकात नोंदवलंय. म्हणजे काकांचा दोरा कलला तो आट्यांवर बसलेल्या दाबामुळे, भेसळीमुळे नाही. उलट कातून काढलेला ए१ चा स्क्रू दोरा तसूभर हलवत नाही. निकेल वाचवून मँगनीज घातलेलं २०१ स्टीलही या परीक्षेत पास होतं, आणि ते ३०४ पेक्षाही लवकर गंजतं. दुसरीकडे २२०५ नावाचं ड्युप्लेक्स स्टील चुंबकाला चांगलं चिकटतं आणि खाऱ्या पाण्यात ३१६ पेक्षा सरस ठरतं. नापासाला पास आणि हुशाराला नापास करणारी परीक्षा काय कामाची?

एवढं मात्र मान्य करावं लागेल, की स्क्रू साध्या लोखंडासारखा खटकन चिकटला तर थांबावं. तो जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी असू शकतो, किंवा ४१० चा. स्वतःच भोक पाडत जाणारे स्क्रू कडकपणासाठी पुष्कळदा ४१० चे करतात आणि ते समुद्रावर टिकत नाहीत. चुंबकाचा उपयोग इथवरच. ए२ आणि ए४ मधला फरक त्याला कळत नाही, आणि आपल्याला हवा असतो तो नेमका तोच.

सिलिकॉनच्या सल्ल्याने मला खरंच राग आला. स्टेनलेसला हवा हवी असते! त्याच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो. ओरखडा पडला तर तो थर ऑक्सिजन घेऊन पुन्हा धरतो. वरून सिलिकॉन थापलं आणि खालून ओल्या लाकडातून खारं पाणी आत गेलं, तर तिथला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साठतं, फटीतलं पाणी आम्लधर्मी होतं आणि धातू आतल्या आत खाल्ला जातो. काकांनी मागे काढलेला एक स्क्रू अजून डब्यात आहे. डोकं चकचकीत, खाली आट्यांच्या जागी सुईसारखं टोक. बारक्या स्क्रूत तर गमवायला जादा धातूच नसतो. ३ मिलिमीटरच्या स्क्रूचा आट्यांच्या तळाशी व्यास जेमतेम २.४, चहूबाजूंनी अर्धा मिलिमीटर गेला की ताकद एक तृतीयांश उरते. सीलंट वापरायचंच असेल तर भोकात आणि डोक्याखाली भरून मग स्क्रू बसवा, म्हणजे पाणीच आत जाणार नाही. डोक्यावर लपेडा मारून काही होत नाही.

तारेच्या घासणीचंही तेच. साध्या लोखंडी तारेचे कण स्क्रूवर रुततात आणि मग तेच गंजतात. नायलॉनचा ब्रश आणि गोडं पाणी वापरा. चहासारखे तपकिरी डाग सायट्रिक आम्लाने निघतात.

ॲल्युमिनियममध्ये पिळायला हरकत नाही, पण बिनधास्त नाही. खाऱ्या पाण्यात दोन्ही धातूंची जोडी बॅटरीसारखी वागते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. पांढरी पूड दिसते ती त्याचीच. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना गंजरोधक पेस्ट लावा. ती पेस्ट आटे जाम होण्यापासूनही थोडंफार वाचवते.

मग स्क्रू ओळखायचा कसा? ५ मिलिमीटर आणि त्यावरच्या षट्कोनी डोक्याच्या बोल्टवर जात आणि ताकद सांगणारा छाप, जसं ए४-७० किंवा ए४-८०, मारणं मानकाने बंधनकारक केलंय. त्याहून बारक्यांवर बहुधा छाप नसतो, म्हणून पाकिटावरचा शिक्का वाचायचा आणि स्क्रू त्याच पाकिटात ठेवायचे, एका डब्यात ओतायचे नाहीत. शंका असेल तर मॉलिब्डेनम ओळखणारं रसायन मिळतं, एका थेंबात उत्तर कळतं. आणि कायम पाण्याखाली राहणाऱ्या भागावर ए४ वरही विसंबू नका. लाकडी होडीला तिथे सिलिकॉन ब्रॉन्झ या तांब्याच्या मिश्रधातूचे स्क्रू लावतात.

काकांचे ‘नकली’ स्क्रू मी ढिगातून वेचून परत ए४ च्या पाकिटात भरले. ए१ चे घरातल्या कपाटाच्या कड्यांना लावू म्हणाले. तो फॉरवर्ड त्यांनी पुढे तिघांना पाठवला होता, त्या तिघांना आज त्यांनीच फोन केले.