उकळलं म्हणजे मेलंच, असं नाही

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: 'उकळत्या पाण्यात एका मिनिटात सगळे जंतू मरतात. रात्रीचं अन्न सकाळी खळखळून उकळा आणि बिनधास्त खा. उरलं तर फ्रीजरमध्ये टाका, थंडीत जंतू जगत नाहीत. आंबट आणि सुक्या पदार्थांना जंतू लागतच नाहीत.' खाली बारा अंगठे. अंबडच्या एका लॅबमध्ये अन्नाचे नमुने तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे तेरावा अंगठा काही देववेना.

उकळण्यापासून सुरुवात करू. साल्मोनेला, ई. कोलाय वगैरे मंडळी उकळीत मरतात, यात वाद नाही. दुधात त्यांना मारायला ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंदही पुरतात. पण तांदळात बऱ्याचदा बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो आणि त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचात झोपलेली त्याची रूपं, भात शिजला तरी तगून राहतात. भात ओट्यावर कोमट होत पडला की ते उगवतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. त्याच्यापुढे सकाळची फोडणी काय करणार? मोहरी तडतडते, एवढंच. मेसेजवाल्याने जंतू आणि त्याचं विष एकच धरलंय.

मटणाच्या रश्श्याची गोष्ट जरा वेगळी. त्यातल्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचे बीजाणू उकळीने उलट जागे होतात. उकळताना रश्श्यातला ऑक्सिजन निघून गेलेला असतो, आणि या जंतूला तेच हवं असतं. साधारण ४३ ते ४५ अंशांना तो दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. रात्री झाकण घालून बाजूला ठेवलेलं मोठं पातेलं मध्यभागी किती तास तसंच ऊबदार राहतं, ते हात लावून बघा. इथे मात्र सकाळी खरोखर खळखळून उकळलं तर उपयोग होतो, मेसेजला एवढं श्रेय द्यायला हवं. पण कार्याच्या घरी वरून वाफ दिसली की वाढायला घेतात.

फ्रीजरने काही जंतू मरतात, बरेचसे नुसते गारठतात. लिस्टेरिया तर साध्या फ्रीजमध्ये ४ अंशांनाही हळूहळू वाढत राहतो.

मेलेला आणि जखमी झालेला जंतू यांतला फरक मात्र मला लॅबमध्येच नीट कळला. एकदा कांद्याच्या पावडरीचा नमुना आला होता. नवीन आलेल्या मुलाने घाईत तो थेट साल्मोनेला वाढवून ओळखायच्या प्लेटवर ओढला. दुसऱ्या दिवशी प्लेट स्वच्छ. 'मॅडम, निल लिहू? साल्मोनेला नाहीच.' मी म्हटलं, थांब. वाळवण, उष्णता, गारठा, आम्ल यांतून सुटलेल्या जंतूचं आवरण फाटलेलं असतं, आतली प्रथिनं बनवणारी यंत्रणा मोडलेली असते. त्या प्लेटमध्ये इतर जंतूंना रोखायला पित्ताचे क्षार घातलेले असतात. धडधाकट साल्मोनेला ते सोसतो, जखमी मरतो. म्हणून आधी २५ ग्रॅम नमुना २२५ मिली साध्या, पौष्टिक ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रावणात) ३७ अंशांना सुमारे १८ तास ठेवायचा. तेवढ्यात तो डागडुजी करतो आणि मग वाढायला लागतो. कांद्याच्या बाबतीत आणखी एक भानगड: त्याच्यातली गंधकाची संयुगंच जंतूला दाबून धरतात, म्हणून ब्रॉथमध्ये पोटॅशियम सल्फाइट घालावं लागतं. हे सगळं करून पुन्हा लावलं, तेव्हा प्लेटवर काळ्या ठिपक्याच्या लाल वसाहती, म्हणजे साल्मोनेलाचे पुंजके, उठल्या. पोरगं बराच वेळ त्या प्लेटकडे बघत राहिलं.

सुक्या पदार्थांचं उत्तर यातच आलं. मसाले, दूध पावडर, शेंगदाण्याचं बटर यांत साल्मोनेला वाढत नाही, पण महिनोन्‌महिने जिवंत राहतो. शिवाय कोरडा असताना तो ओल्या अन्नातल्यापेक्षा उष्णताही जास्त सोसतो. पोटात गेला की ओलावा आणि ऊब दोन्ही आयतं.

आंबटाचंही तसंच. एकदम तीव्र आम्लात टाकला तर जंतू गडबडतो, पण आधी सौम्य आंबटात राहिलेला ई. कोलाय तयारीचा होतो. सफरचंदाच्या कच्च्या रसातून ई. कोलायची लागण झालेली आहे, आणि तो रस काही गोड पाणी नव्हे. उष्णतेचंही असंच आहे. ४५ अंशांच्या आसपास थोडा वेळ तापलेला जंतू पुढची आंच अधिक सोसतो, म्हणून मंद गॅसवर अर्धवट कोमट करणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

हे सगळं ग्रुपवर टाकलं, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, 'म्हणजे फोडणीचा भात बंद का गं?' बंद कशाला, काकू. रात्री जेवणं झाली की भात परातीत पसरून गार करा, दोन तासांच्या आत डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, आणि सकाळी लागेल तेवढाच काढा. रश्शाचं पातेलं असेल तर लहान भांड्यांत वाटून थंड पाण्यात ठेवा. काकूंनी यावर अंगठा दिला. मेसेज पाठवणाऱ्यांनी अजून दिलेला नाही.